ओट्यावरची पोरं, नाक्यावरची पोरं

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. बाकीचे सहा दिवस मी पर्यटकांना कैलास लेणं दाखवत हिंडतो, त्यामुळे माझा रविवार मंगळवारी येतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका मंगळवारी, बाहेर झिमझिम लागलेली असताना, ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेचं चौथं पर्व बघायला बसलो. एकूण १३ भाग. दर मंगळवारी एकच भाग बघायचा असा नेम धरला आणि तो मोडला नाही. पर्व संपलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती, आणि लेण्यांच्या पार्किंगमध्ये गारगोट्या, माळा विकणाऱ्या पोरांकडे मी पूर्वीसारखा बघत नव्हतो.

‘द वायर’ एचबीओ वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात आली. पाच पर्वं, ६० भाग. बाल्टिमोर हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदराचं शहर. पोलाद आणि गोदीच्या कामावर ते एकेकाळी भरभराटीला आलं, मग कामं गेली, वस्ती घटली आणि ओळीच्या ओळी घरं फळ्या ठोकून बंद पडली. पहिल्या पर्वात पोलीस गर्द विकणाऱ्या टोळीचे पेजर आणि रस्त्यावरचे फोन टॅप करतात, त्यावरूनच मालिकेचं नाव. दुसरं पर्व गोदीत घडतं. तिसऱ्यात एक पोलीस अधिकारी वैतागून ओसाड गल्ल्यांमध्ये विक्रीकडे चक्क काणाडोळा करायचं ठरवतो. पाचवं वर्तमानपत्राच्या कचेरीत. आणि २००६ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये दाखवलेलं चौथं पर्व भरतं ते शाळेत.

नशेच्या धंद्यावरची मालिका शाळेत का शिरली, याचं उत्तर ती लिहिणाऱ्यांच्या आयुष्यात आहे. डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राचा गुन्हेवार्ताहर. त्याचा जोडीदार एड बर्न्स २० वर्षं बाल्टिमोर पोलिसांत होता आणि निवृत्तीनंतर त्याच शहरातल्या सरकारी शाळेत मास्तर झाला. दोघांनी मिळून एका नाक्यावरच्या माणसांचं वर्षभराचं आयुष्य टिपणारं ‘द कॉर्नर’ हे पुस्तक १९९७ साली काढलं होतं. म्हणजे मालिकेतला वर्ग हा खोलीत बसून कल्पनेनं रचलेला वर्ग नाही. त्या वर्गात बर्न्स खडू घेऊन उभा राहिलेला आहे.

पर्वात चार मुलं आहेत, साधारण आठवीतली. मायकल अबोल आणि ताठ. धाकट्या भावाला सांभाळणारा. नेमंडचा बाप टोळीसाठी खून करून जन्मठेप भोगतोय आणि आईला वाटतं, पोरानं बापाची गादी चालवावी. रँडी शाळेत चोरून गोळ्या-चॉकलेटं विकतो. त्याला स्वतःचं दुकान काढायचंय. आणि डुकी. डुकीच्या घरातल्या मोठ्या माणसांना नशा पुरत नाही, म्हणून ती त्याचे कपडेसुद्धा विकून टाकतात. अंगाला वास येतो म्हणून वर्गात त्याच्याजवळ कुणी बसत नाही.

या वर्गावर येतो प्रेझ. पोलिसांत असताना त्याच्या गोळीनं चुकून एक सहकारी मारला गेला. त्यानं नोकरी सोडली आणि गणिताचा मास्तर झाला. सुरुवातीच्या दिवसांतच त्याच्या वर्गात एक मुलगी दुसरीच्या चेहऱ्यावर ब्लेड ओढते. काही दिवसांनी त्याला शाळेच्या कोठीत नवी कोरी पुस्तकं गठ्ठ्यानं पडलेली सापडतात; वर्गात मुलं फाटकी पुस्तकं वापरत असतात. मग तो फासे आणतो. नाक्यावर जुगार खेळणाऱ्या पोरांना सहा आणि आठ हे आकडे किती वेळा पडतील, ते काढायला लावतो. संभाव्यता हा शब्दही न उच्चारता वर्ग हिशेबाला लागतो. तेवढ्यात वरून आदेश येतो की परीक्षेची तयारी घ्या, आकडे चांगले दिसले पाहिजेत. प्रेझला लगेच ओळखू येतं, कारण पोलीस ठाण्यातही हेच चालायचं.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा भाग तिनं माझ्यासोबत पाहिला आणि शेवटी उठून जाताना एवढंच म्हणाली, “फासे चांगले आहेत.” पुढच्या आठवड्यात तिच्या पिशवीत चार फासे होते.

पण मला सगळ्यात जास्त लागला तो कटीचा प्रसंग. कटी तुरुंगातून सुटून आलेला, हात-पाय हलवायला काम शोधणारा माणूस. शाळा त्याला गैरहजर पोरं धरून आणायच्या कामावर ठेवते. तो गल्लोगल्ली फिरून पोरं आणतो, आणि काही दिवसांनी त्याला कळतं की हे पोर आता पुन्हा आणायची गरज नाही. सप्टेंबरात एक दिवस आणि ऑक्टोबरात एक दिवस ते वर्गात दिसलं की निधीपुरता पट भरला. पोर आलं की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पट भरल्याशी होतं.

हे पाहताना २०११ चा ऑक्टोबर आठवणार नाही असा शिक्षक आपल्याकडे नसेल. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीनं डोळे उघडल्यावर राज्य सरकारनं ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस सगळ्या महाराष्ट्रात एकदम पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली, मतदानाला लावतात तशी. पटावरची लाखो मुलं प्रत्यक्षात नव्हतीच. खोटी नावं, तुकड्या टिकवण्यासाठी चढवलेली. ती मोहीम गरजेची होती, तिच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र कागदावरचं खोटं मूल शोधायला एवढं मोठं राज्य तीन दिवस उभं राहिलं, तसं कागदावर असलेलं आणि वर्गात न दिसणारं खरं मूल शोधायला कधी उभं राहिलं का? ते मूल कुठे उभं असतं, हे ‘द वायर’ दाखवते. नाक्यावर.

मालिकेत एक निवृत्त पोलीस अधिकारी, बनी कॉल्विन, विद्यापीठाच्या एका प्रयोगात शाळेत येतो आणि मुलांची फार साधी विभागणी करतो: ओट्यावरची आणि नाक्यावरची. ओट्यावरच्या पोरांना घरचं कुणीतरी सांगतं, पायरीच्या खाली उतरू नको. नाक्यावरच्यांना असं सांगणारं कुणी नसतं. आपल्याला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. माझ्या आजीनं संध्याकाळी दिवेलागणीला मला ओट्यावरून मारलेल्या हाका मी अजून ऐकू शकतो.

आता आपल्या नाक्याकडे येतो. बाल्टिमोरमध्ये माल बाहेरून येतो. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जे उघडकीला आलं ते वेगळं आणि जास्त घाबरवणारं आहे, कारण मेफेड्रोन, म्हणजे एमडी, शेतात पिकवावा लागत नाही. रसायनं, भांडी आणि एक शेड पुरते. २०२३ च्या नवरात्रात महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखा आपल्या जिल्ह्यात येऊन धडकली. एका घरातून २३ किलो कोकेन आणि सुमारे ३० लाख रुपये रोख, पैठण औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून मेफेड्रोन आणि केटामाइन. सगळ्याची किंमत २५० कोटींच्या वर सांगितली गेली. त्याच महिन्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांचा माग कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोचला आणि दिल्ली, सांगलीपर्यंत पसरला. साठा १,७०० किलोच्या पुढे गेला. पैठण, शिंदे, कुरकुंभ. ही नावं आपल्याला पैठणीची, शेतीची, एसटीच्या थांब्याची म्हणून माहीत होती.

एमडीचं नाव अंमली पदार्थविरोधी कायद्यात आलं ते २०१५ च्या फेब्रुवारीत. तोवर मुंबईत तो ‘म्याव म्याव’ या लाडिक नावानं विकला जायचा आणि पकडणाऱ्याच्या हातात धड कलम नसायचं. आज ५० ग्रॅमपेक्षा जास्त एमडी हा कायद्याच्या दृष्टीनं व्यापारी साठा आहे; शिक्षा किमान १० वर्षं सक्तमजुरी. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण.

किलो आणि कोटी यांची बातमी होते. शाळकरी पोराच्या खिशात मात्र सहसा एमडी नसतो, त्याला तो परवडत नाही. त्याच्या खिशात ‘बटण’ असतं. आमच्या शहरात झोपेच्या गोळ्यांना हेच नाव आहे. नायट्राझेपामची पट्टी, एकेक गोळी सुटी करून विकलेली. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. ही दोन्ही औषधं खरी आहेत, आजारी माणसाला लागतात. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून ती एच-वन या अनुसूचीत आहेत: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. माझ्या मावसभावाचं औषधाचं दुकान आहे. त्यानं ती वही मला दाखवली. रकाने आखलेले, अक्षर नीट. “दादा, माझ्या वहीत प्रत्येक गोळीला नाव आहे,” तो म्हणाला. “पोरांना मिळतात त्या गोळ्या कुठल्याच वहीतून जात नाहीत.”

आणि बटणाच्याही आधीची पायरी म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगून करायच्या नशेचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. दारू, गांजा, अफूची नशा, सगळीकडे मोठी माणसं पुढे. या एका ठिकाणी मुलं. तो आकडा वाचल्यापासून सायकलच्या दुकानासमोरून जाताना माझी नजर रुमाल धरलेल्या हातांवर जाते.

बालन्याय कायदा २०१५ चं ७८ वं कलम अशा मुलांसाठीच आहे. मुलाला नशेच्या मालाची विक्री, ने-आण, पुरवठा किंवा तस्करी करायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे पुडी पोचवणारं पोर कायद्याच्या नजरेत आधी वापरलं गेलेलं पोर आहे. अंमली पदार्थविरोधी कायद्यातलं ६४-अ कलमही असंच: नशेच्या आहारी गेलेला माणूस अल्प प्रमाणासह सापडला आणि स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्राची १४४४६ ही फोनसेवा आहे. हे क्रमांक आणि कलमं मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ज्या आईला ती हवी असतात ती पोराला मारून, कोंडून, नातेवाइकांपासून लपवून थकल्यावर शेवटी कुणाला तरी विचारते.

सायमनबद्दल वाचताना मला सारखे अनिल अवचट आठवत राहिले. एक पत्रकार नाक्यावर जाऊन बसतो, गर्दुल्ल्यांशी बोलतो, त्यांचं ऐकतो, आणि लिहितो. ‘गर्द’ हे पुस्तक असं झालं. फरक पुढे आहे. अवचटांच्या लेखांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. सुनंदा अवचटांनी पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ उभं केलं. लेखनातून मालिका झाली तशी लेखनातून संस्थाही होते, हे आपल्याकडे घडलेलं आहे. माझ्या मते हे आपल्या पत्रकारितेच्या मोठ्या यशांपैकी एक आहे आणि आपण त्याबद्दल फार कमी बोलतो.

पुन्हा मालिकेकडे. या पर्वात आणखी एक प्रकार घडतो. टोळीचा म्होरक्या मार्लो, त्याची माणसं खून करतात आणि प्रेतं त्या फळ्या ठोकलेल्या घरांत टाकून पुन्हा फळ्या ठोकतात. लेस्टर नावाचा जुना हवालदारी डोक्याचा तपास अधिकारी फळीतल्या खिळ्यावरून हे ओळखतो. तो ओळखतो, आणि त्याचा वरिष्ठ वैतागतो: घरं उघडली तर न उलगडलेल्या खुनांचा आकडा वाढेल. शेवटी घरं उघडली जातात. २० हून अधिक प्रेतं निघतात. मृत शरीरं तर आधीपासून तिथेच होती.

मुलांचं काय होतं? रँडी पोलिसांशी बोलला हे बाहेर फुटतं, त्याचं घर जाळलं जातं आणि तो पुन्हा बालगृहात जातो. मायकल भावाला वाचवण्यासाठी मार्लोकडे मदत मागतो आणि तिची किंमत म्हणून हातात पिस्तूल घेतो. डुकीसाठी प्रेझनं काय केलं नाही! त्याचे कपडे धुऊन आणले, शाळेत अंघोळ करायची सोय केली, जेवणाचा डबा दिला. डुकी गणितात चमकायला लागला. अशात शाळा त्याला वर्षाच्या मध्येच वरच्या वर्गात ढकलते. ढकलणे, हाच शब्द आपणही वापरतो. मोठ्या शाळेच्या दारासमोर तो पाठीला दप्तर लावून उभा राहतो, आत जाणाऱ्या पोरांकडे बघतो आणि वळतो. पुढच्या वेळी प्रेझला तो दिसतो तेव्हा तो नाक्यावर असतो. प्रेझ गाडीतून बघतो. दोघं बोलत नाहीत.

एक नेमंड सुटतो. कॉल्विन तुरुंगात जाऊन त्याच्या बापाला भेटतो आणि पोरगा मागतो. बाप विचार करतो आणि देतो. मालिकेतला हा बाप खुनी आहे, आणि तरी पूर्ण पर्वात मला तो प्रसंग सगळ्यात प्रेमाचा वाटला. शेवटच्या दृश्यात नेमंड कॉल्विनच्या घराच्या ओट्यावर अभ्यास करतोय. समोरून त्याचा जुना मित्र चोरलेली गाडी उडवत जातो, हसून हात करतो. गाडी निघून जाते, चौक रिकामा राहतो.

तो भाग संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बुधवारी सकाळी लेणी उघडली, दिवाळीच्या सुटीतली पहिली गाडी आली. पार्किंगमध्ये गारगोट्या विकणारा एक पोरगा माझ्या गिऱ्हाइकांच्या मागे लागला. त्याला मी तीन वर्षं ओळखतो, नुसता चेहऱ्यानं.

“कितवीला रे?”

“सातवी.”

“वर्गशिक्षक कोण?”

त्यानं हातातला जांभळा दगड खाली ठेवला आणि बाईंचं नाव सांगितलं, आडनावासकट. मग विचारलं, “का हो काका?”