राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष, पिंपरी-चिंचवड (१९९९–२०२४)

पिंपरी-चिंचवडमधील राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष ही महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या पिंपरी-चिंचवड शहरातील राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची शहर संघटना होय. या पक्षाने दीर्घकाळ पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेवर सत्ता गाजवली आणि २०१२ मध्ये १२८ पैकी ८३ जागा जिंकल्या. २०१७ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने त्याला सत्तेवरून दूर केले. २०२३ मध्ये पक्षात राज्य पातळीवर फूट पडल्यानंतर शहर संघटनाही दोन गटांत विभागली गेली. पक्षनिष्ठा, स्थानिक नेतृत्वाची बंडखोरी आणि नव्या नेतृत्वाची जडणघडण यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी या संघटनेचा इतिहास उपयुक्त ठरतो.

## पार्श्वभूमी

१९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीचा पिंपरी येथील कारखाना, त्यानंतर आलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आणि टेल्को, बजाज ऑटो यांसारखे उद्योग यांमुळे या भागाचे रूप पालटले. १९७० मध्ये येथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे उद्योगांचा विस्तार चाकणपर्यंत झाला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व पश्चिम महाराष्ट्रातून कामगार येथे स्थायिक झाले. राजकीय नेतृत्व मात्र बहुतांशी भोसरी, पिंपरी, वाकड, पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आदी मूळ गावांतील घराण्यांकडेच राहिले. त्यामुळे महानगराच्या राजकारणातही गावकी-भावकीचे महत्त्व टिकून राहिले.

आरंभी शहरावर काँग्रेसचे वर्चस्व होते. प्रा. रामकृष्ण मोरे हे तिचे प्रमुख नेते होते. १९९१ मध्ये अजित पवार बारामतीचे खासदार झाले. शहराचा समावेश असलेला हवेली विधानसभा मतदारसंघ त्या वेळी बारामती लोकसभा मतदारसंघात होता. १० जून १९९९ रोजी शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली, तेव्हा शहरातील अनेक कार्यकर्ते नव्या पक्षात गेले. मोरे काँग्रेसमध्येच राहिले. २००३ मध्ये त्यांच्या निधनानंतर शहर काँग्रेसला त्यांच्या तोडीचे नेतृत्व मिळाले नाही. २०१७ मध्ये या पक्षाचा एकही नगरसेवक निवडून आला नाही.

## सत्ताकाळ आणि बंडखोरी

महानगरपालिकेतील सत्ताकाळात पक्षाची धोरणे व उमेदवारीचे निर्णय प्रामुख्याने अजित पवार यांच्या नेतृत्वाखाली होत. महापौरपद, स्थायी समितीचे अध्यक्षपद, विषय समित्या आणि स्वीकृत सदस्यत्व या पदांच्या वाटपातून निरनिराळ्या गावांतील व घराण्यांतील इच्छुकांना सामावून घेतले जाई. महानगरपालिकेत ही पद्धत उपयोगी पडली. आमदारकी व खासदारकीच्या जागा मोजक्याच असल्याने तेथे ती अपुरी पडली.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून शहरात पिंपरी (अनुसूचित जातींसाठी राखीव), चिंचवड आणि भोसरी असे तीन विधानसभा मतदारसंघ झाले. त्या वर्षी पिंपरीतून अण्णा बनसोडे पक्षाच्या चिन्हावर विजयी झाले. चिंचवडमधून लक्ष्मण जगताप व भोसरीतून विलास लांडे हे पक्षातीलच नेते मात्र अपक्ष म्हणून निवडून आले. निवडून आल्यावर दोघांचेही पक्षनेतृत्वाशी संबंध कायम राहिले. अधिकृत उमेदवाराविरुद्ध लढूनही पक्षाच्या परिघात राहता येते, असा संकेत त्यातून गेला.

२०१४ मध्ये हे चित्र बदलले. माजी महापौर असलेले जगताप यांनी शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारीवर मावळमधून लोकसभा लढवली आणि नंतर भारतीय जनता पक्षात प्रवेश करून ते चिंचवडचे आमदार झाले. स्थायी समितीचे अध्यक्षपद भूषवलेले महेश लांडगे भोसरीतून अपक्ष म्हणून विजयी झाले व पुढे भाजपमध्ये गेले. २००९ मध्ये मावळमधून पक्षाचे लोकसभा उमेदवार असलेले आझम पानसरे यांनीही २०१७ च्या निवडणुकीपूर्वी तोच मार्ग धरला. पूर्वीचे बंडखोर पक्षाच्या परिघात परतत असत. या वेळी राज्यातील सत्ताबदलामुळे त्यांच्यासमोर दुसरा सत्ताधारी पर्याय होता.

## २०१७ चा पराभव

| पक्ष | २०१२ | २०१७ |
|---|---|---|
| राष्ट्रवादी काँग्रेस | ८३ | ३६ |
| भारतीय जनता पक्ष | ३ | ७७ |
| शिवसेना | १४ | ९ |
| काँग्रेस | १४ | ० |
| महाराष्ट्र नवनिर्माण सेना | ४ | १ |
| रिपब्लिकन पक्ष | १ | ० |
| अपक्ष | ९ | ५ |
| एकूण | १२८ | १२८ |

अनधिकृत बांधकामांचे नियमितीकरण व त्यांवरील शास्तीकर हे प्रचारातील प्रमुख प्रश्न होते. निवडणूक पद्धतीतही बदल झाला होता. २०१२ मध्ये प्रत्येक प्रभागातून दोन, तर २०१७ मध्ये चार सदस्य निवडून द्यायचे होते. प्रभाग मोठा झाल्याने एकट्या उमेदवाराच्या ओळखीपेक्षा चौघांचे एकत्रित पॅनेल व पक्षचिन्ह यांचे महत्त्व वाढले. असे पॅनेल उभे करण्याचे कसब असलेले काही स्थानिक नेते आता भाजपकडे होते.

## नेतृत्वाच्या नूतनीकरणाचा प्रश्न

पराभवानंतर महानगरपालिकेतील विरोधी पक्षनेतेपद पाच वर्षांच्या काळात योगेश बहल, दत्ता साने, नाना काटे आणि राजू मिसाळ यांना आळीपाळीने देण्यात आले. सत्ताकाळातील पदवाटपाचीच पद्धत विरोधात असतानाही चालू राहिली. तिच्यामुळे अनेकांना संधी मिळाली. मात्र सत्ताधाऱ्यांसमोर पक्षाचा एकच चेहरा दीर्घकाळ उभा राहिला नाही.

२०१९ मध्ये मावळ लोकसभा मतदारसंघातून अजित पवार यांचे पुत्र पार्थ पवार यांना उमेदवारी मिळाली. शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनी त्यांचा २ लाख १५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पिंपरी पुन्हा बनसोडे यांनी जिंकली. चिंचवडमध्ये राहुल कलाटे व भोसरीत विलास लांडे या अपक्षांना पक्षाने पाठिंबा दिला. दोघेही पराभूत झाले. एकेकाळी महानगरपालिकेत ८३ नगरसेवक असलेला पक्ष शहरातील तीनपैकी दोन विधानसभा मतदारसंघांत स्वतःच्या चिन्हावर लढत नव्हता.

२०२२ मध्ये शहराध्यक्षपद संजोग वाघेरे यांच्याकडून अजित गव्हाणे यांच्याकडे आले. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली, परंतु निवडणुका लांबल्या व कारभार प्रशासकाकडे गेला. याचे दोन परिणाम झाले. नगरसेवकपद ही नव्या कार्यकर्त्यांच्या उमेदवारीची व प्रशिक्षणाची पहिली पायरी असते, ती उपलब्ध राहिली नाही. तसेच पक्षांतरावरील कायदेशीर बंधनही निष्प्रभ झाले. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ नुसार पक्ष सोडणाऱ्या नगरसेवकाचे सदस्यत्व रद्द होऊ शकते. माजी नगरसेवकाकडे गमावण्यासारखे सदस्यत्वच नसल्याने हा कायदा त्याला लागू होत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे चिंचवडमध्ये पोटनिवडणूक झाली. भाजपच्या अश्विनी जगताप यांनी राष्ट्रवादीचे नाना काटे यांचा ३६ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. महाविकास आघाडीतून बंडखोरी केलेले राहुल कलाटे यांना मिळालेली मते या फरकापेक्षा अधिक होती.

## फूट (२०२३)

२ जुलै २०२३ रोजी अजित पवार राज्य सरकारमध्ये सामील झाले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने त्यांच्या गटाला पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह दिले. शरद पवार यांच्या गटाला ‘राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष – शरदचंद्र पवार’ हे नाव व ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. १५ फेब्रुवारी रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही अजित पवार गटाच्या बाजूने निर्णय दिला. नार्वेकर हे २०१४ मध्ये मावळमधून अविभाजित राष्ट्रवादीचे लोकसभा उमेदवार होते व नंतर भाजपमध्ये गेले होते.

शहरातील बहुतेक पदाधिकारी सुरुवातीस अजित पवार यांच्यासोबत राहिले. शरद पवार गटाने शहराध्यक्षपद तुषार कामठे यांना दिले. ते पूर्वी भाजपचे नगरसेवक होते. डिसेंबर २०२३ मध्ये वाघेरे यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षात प्रवेश केला आणि २०२४ मध्ये त्या पक्षाकडून मावळची लोकसभा निवडणूक लढवली. ते बारणे यांच्याकडून पराभूत झाले.

जुलै २०२४ मध्ये गव्हाणे यांनी शहराध्यक्षपदाचा राजीनामा दिला व काही माजी नगरसेवकांसह शरद पवार गटात प्रवेश केला. अजित पवार गट महायुतीत असल्याने विद्यमान आमदार असलेली भोसरीची जागा भाजपकडे राहणार हे स्पष्ट होते. त्यामुळे तेथील इच्छुकांना पक्षात राहून उमेदवारी मिळणे अशक्य होते. गव्हाणे यांच्यानंतर माजी महापौर योगेश बहल यांच्याकडे शहराध्यक्षपद आले.

## २०२४ ची विधानसभा निवडणूक

शरद पवार गटाने शहरातील तिन्ही जागा लढवल्या. भोसरीत गव्हाणे यांचा महेश लांडगे यांनी, तर चिंचवडमध्ये राहुल कलाटे यांचा भाजपचे शंकर जगताप यांनी पराभव केला. पिंपरीत राष्ट्रवादीच्याच दोन गटांमध्ये लढत झाली. तीत अण्णा बनसोडे यांनी सुलक्षणा शिलवंत यांना हरवले. चाकण ज्यात मोडते त्या खेड-आळंदी मतदारसंघात अजित पवार गटाचे दिलीप मोहिते यांना शिवसेनेच्या (ठाकरे) बाबाजी काळे यांनी पराभूत केले. शहराचे तिन्ही निकाल राज्याच्या कलाशी सुसंगत होते. राज्यात अजित पवार गटाला ४१, तर शरद पवार गटाला १० जागा मिळाल्या.

## पक्षनिष्ठेचे स्वरूप

या कालखंडात शहरातील पक्षनिष्ठेचे तीन स्तर दिसतात: राज्यस्तरीय नेत्याशी असलेली व्यक्तिनिष्ठा, गाव व घराण्याशी असलेली बांधिलकी आणि पक्षाच्या नाव-चिन्हाशी असलेले नाते. सत्ता असेपर्यंत हे तिन्ही स्तर एकमेकांना पूरक होते. सत्ता गेल्यावर दुसरा स्तर अधिक टिकाऊ ठरला. पक्ष बदलूनही जगताप व लांडगे यांचा स्थानिक पाया टिकून राहिला. २०२३ च्या फुटीने पहिल्या आणि तिसऱ्या स्तरांचीही फारकत केली, कारण पक्षाचे संस्थापक एका बाजूस व पक्षाचे चिन्ह दुसऱ्या बाजूस गेले. रोजगारासाठी येथे स्थायिक झालेला कामगारवर्ग मतदार म्हणून मोठा असला, तरी या कालखंडातील प्रमुख उमेदवारांची नावे बहुतांशी मूळ गावांतील घराण्यांचीच राहिली.

## हे सुद्धा पहा

* पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
* मावळ लोकसभा मतदारसंघ
* भोसरी विधानसभा मतदारसंघ
* पक्षांतरबंदी कायदा