कुपीवरील चौकोन

जामखेड तालुक्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या पुढें जातो, आणि वाडीवरील बालकासाठीं निघालेली लस तर २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत राहावयास हवी. वाटेंत शीतपेटी किती वेळ उघडी राहिली, हें लस पाहून कळत नाहीं. पोलिओचा निकामी झालेला थेंब चांगल्या थेंबासारखाच दिसतो. तो पाजला तर आई निश्चिंत होते, मूल मात्र असुरक्षितच राहतें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. त्यांनीं तयार केलेल्या पहिल्या आरोग्यसेविकांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या. पुढें या अडचणीवर जी युक्ति निघाली, ती समजण्यास अक्षरओळख लागत नाहीं, हें विशेष.

ही युक्ति म्हणजे कुपीवरील रंगीत वर्तुळ व त्यांतील फिकट चौकोन. १९९६ सालीं ती प्रथम पोलिओच्या लशीवर आली. चौकोनांत डायॲसिटिलीन वर्गांतील द्रव्य असतें. ऊब मिळाली म्हणजे त्याचे सुटे रेणु जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. अशा साखळीस बहुवारिक म्हणतात. साखळ्या वाढल्या कीं रंग चढतो. तापमापक या क्षणाचेंच सांगतो; चौकोन दुकानदाराच्या खतावणीप्रमाणें सारी उष्णता जमा करीत जातो, आणि या खतावणींत वजाबाकी नाहीं. कुपी पुन्हां थंड केली तरी चढलेला रंग उतरत नाहीं. पोलिओच्या लशीचा चौकोन ३७ अंशांत सुमारें २ दिवसांत वर्तुळाइतका गडद होतो. काटक लशींसाठीं त्याच उष्णतेंत ३० दिवस टिकणारा योजतात. चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तोंवरच लस द्यावी.

गारठ्याची नोंद मात्र हा चौकोन मुळींच ठेवीत नाहीं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे जेलरूप सूक्ष्म कण असतात व लशीचें मुख्य द्रव्य त्यांनाच चिकटलेलें असतें. लस गोठली कीं बर्फाचे स्फटिक हे कण एकत्र रेटतात. त्यांचे गोळे होतात, आणि बर्फ वितळला तरी ते सुटत नाहींत. बर्फांत जितकें ठेवावें तितकें बरें, हा समज म्हणूनच घातक होय. फ्रीझरमधला आइसपॅकसुद्धां, आंतील बर्फ हलवितां खडखडूं लागेपर्यंत बाहेर ठेवून, मगच पेटींत घालावयाचा असतो.

संशय आल्यास त्याच बॅचची दुसरी कुपी मुद्दाम गोठवून वितळवितात, आणि दोन्ही हलवून शेजारीं ठेवतात. गोठविलेल्या कुपींत गाळ लवकर बसतो. संशयित कुपींतला गाळही तितक्याच वेगानें बसला, तर ती टाकावी.