विसर कीं व्याधि?

आमच्या बीबी गांवांत एक वृद्ध गुरुजी आहेत. पावकी-निमकी त्यांस अद्याप मुखोद्गत आहे. परंतु सकाळीं आपण जेवलों कीं नाहीं, हें स्मरत नाहीं. लोक म्हणतात, 'म्हातारचळ लागला.' तसें नव्हे. १९०६ सालीं जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनीं वर्णिलेली ही मेंदूची व्याधि होय. तींत बहुधा नव्या आठवणी प्रथम लोपतात, जुन्या मागाहून. समूळ उपाय अद्याप नाहीं. तथापि डॉक्टरांस लवकर दाखवावें, कारण थायरॉईडच्या विकारानें वा बी-बारा जीवनसत्त्वाच्या उणिवेनेंहि विसर पडतो, आणि तो बरा होऊं शकतो. रुग्णाशीं वाद घालूं नये; खिशांत नांव-पत्ता ठेवावा. सेवा करणारासहि विसावा हवा. दर गुरुवारीं दुपारीं मी गुरुजींजवळ बसतों. तेवढा वेळ त्यांच्या सूनबाई निजतात. इतकें आपणांपैकीं कोणासहि करतां येईल.