द्राक्षाची गोडी मोजताना मणी कुठला घेता?

फेब्रुवारी उजाडला की व्यापारी बागेत फिरू लागतो. दोन मणी तोंडात टाकतो आणि "अजून आंबट आहे" म्हणत भाव पाडतो. खिशात रिफ्रॅक्टोमीटर असला म्हणजे आपल्यालाही बोलायला जोर येतो.

पण मागे एका बागेत मी स्वतःच फसलो. बांधाकडच्या वेलीचे, उन्हातले पाच-सहा मणी पिळले, १८ ब्रिक्स आले. "काढा बिनधास्त," सांगून मोकळा झालो. माल बाजारात आंबट निघाला, निम्म्या पेट्यांना गिऱ्हाईक मिळेना. बागाईतदार मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

चूक यंत्राची नव्हती. रसातल्या साखरेने प्रकाश किती वाकतो, तेवढंच ते दाखवतं. ज्या मण्याचा रस टाकाल, त्याचीच गोडी सांगणार! घडाच्या वरच्या बाजूचे मणी गोड, शेंड्याचे मागे राहिलेले, पानाआडचे आणखी मागे. म्हणून बागेच्या चारी कडांच्या व मधल्या वेली धरा, घडाचा वरचा, मधला आणि शेंड्याचा मणी घ्या, सगळा रस एकत्र करून मोजा. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर येते ना, तेही बघा.

दुसरं म्हणजे आंबटपणा. तो या यंत्रात वेगळा दिसत नाही. १० मिली रसात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. मग ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत. जितके मिली लागले त्याला ०.०७५ ने गुणलं की आम्लाचे टक्के मिळतात. समजा दोन बागा, दोन्हीकडे १८ ब्रिक्स. एकीला ८ मिली सोडा लागला, म्हणजे आम्ल ०.६ टक्के. दुसरीला १२ मिली, म्हणजे ०.९. साखरेला आम्लाने भागा: पहिलीचे ३०, दुसरीचे २०. आकडा एकच, पण दुसरीचं द्राक्ष दात आंबवणार. सोडा हाताला लागू देऊ नका. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम करून घेतलेलं बरं.

घाई अंगाशी येते, कारण द्राक्ष हापूससारखं अढीत पिकत नाही. तोडताना जी गोडी, तीच शेवटपर्यंत. पाऊस झाला किंवा पाणी जास्त दिलं तर आकडा उतरतो. थोडे दिवस थांबून पुन्हा मोजा. आणि एवढं करूनही मणी चावून बघाच. वास आणि सालीची जाडी या यंत्राला कळत नाही.

तो बागाईतदार आता प्लॉटवार आकडे वहीत लिहितो. मी गेलो की आधी वही पुढे करतो, मग चहा.