नळीचे टोक कोठे आहे?

बोर्ली पंचतनसारख्या गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. अर्धांगवायूचा झटका आलेले आजोबा मुंबईच्या रुग्णालयातून परतले आहेत. माणसे ओळखतात, पण घास गिळता येत नाही. नाकातून जठरापर्यंत एक नळी घातली असून ती नाकाजवळ चिकटपट्टीने बसवली आहे. तिच्यातून सिरिंजने गाळलेली पेज, दूध, डाळीचे पाणी कसे द्यायचे, हे परिचारिकेने सुनेला शिकवून पाठवले आहे. त्या घरातले एखादे मूल तुमच्या वर्गातही असेल.

या कामातला खरा धोका कोणता? घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात. पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. नळी खोकल्याने, उलटीने किंवा झोपेत ओढली जाऊन वर सरकू शकते. मग पेज फुप्फुसात जाते. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो. पण झटक्यानंतर कित्येकदा ठसकाच येत नाही. म्हणून आजोबा शांत आहेत यावरून नळी जागेवर आहे असे समजू नये. प्रत्येक वेळी पेज देण्याआधी तपासावे.

पूर्वी सिरिंजने नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने ‘गुडगुड’ ऐकत. पण आवाज शरीरात दूरवर पोचतो. टोक फुप्फुसात असले तरी तो पोटावर ऐकू येऊ शकतो. त्यापेक्षा नळीतून थोडा द्रव ओढून तपासणे बरे. गंमत अशी, की ही नळी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या इंग्लंडमधील डॉ. जॉन रायल यांनी ती १९२१च्या सुमारास वापरली ती जठररस बाहेर काढून तपासण्यासाठीच!

जठररस आम्ल असतो. मग प्रयोगशाळेतला निळा लिटमस चालेल का? शिक्षकाच्या मनात हाच प्रश्न आधी येईल. उत्तर आहे, नाही. लिटमसचा रंग साधारण सामू ५ ते ८ या पट्ट्यात हळूहळू बदलतो. श्वासमार्गातला स्रावही किंचित आम्ल असला, तर कागद जांभळट-तांबूस दिसतो आणि आपण फसतो. लिटमस ‘आम्ल आहे’ एवढे सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्ये हवेची चाचणी व लिटमस दोन्ही वापरू नका असे सांगितले. त्याऐवजी आकडे दाखवणारा सामू-कागद वापरावा आणि सामू ५.५ किंवा त्याहून कमी असेल तरच अन्न द्यावे. ही चाचणी नळीत पाणी सोडण्यापूर्वी करायची. नुकतेच दूध दिले असेल किंवा आम्लपित्ताची गोळी चालू असेल, तर सामू चढलेला दिसतो. अशा वेळी किंवा द्रव येतच नसेल तर अंदाजाने पेज देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. शंका एक्स-रेनेच फिटते. नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण रोज पाहिली, तर नळी सरकल्याचे निदान लवकर कळते. सरकलेली नळी घरी पुन्हा आत ढकलू नये.

पेज देताना आजोबांचे डोके व पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी, नंतरही तासभर तसेच. आडवे निजवले की जठरातले अन्न उलटे वर येते. पेज दट्ट्याने रेटायची नाही. सिरिंज उंच धरली की वेग वाढतो, खाली आणली की कमी होतो. द्रवस्तंभाची उंची व दाब यांचा धडा इथे कामी येतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी मिक्सर बंद पडतो, सिरिंज चालतेच. पेज मात्र दर वेळी ताजी करावी लागते.

नळी का तुंबते? दुधामागोमाग कोकमाचे पाणी दिले तर दुधातले प्रथिन आम्लाने साकळते आणि नळीत दही होते. म्हणून अन्नाआधी, नंतर व प्रत्येक औषधानंतर साधारण ३० मिलिलिटर पाणी, डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर. गोळ्या एकेक करून बारीक कुटाव्यात, पण सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत. सारा दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहून जाते. आजोबा तोंडाने जेवत नाहीत, म्हणून तोंड कोणी धूत नाही. चावणे थांबले की लाळ कमी होते, जिभेवर जंतू वाढतात आणि तीच लाळ श्वासनलिकेत उतरली की न्यूमोनिया होतो. मऊ ब्रश किंवा ओला फडका, दिवसातून दोनदा तरी. त्याच वेळी नाकपुडीची कातडी लाल झाली आहे का तेही पाहून घ्यावे आणि पट्टी थोडी बाजूला चिकटवावी.