सूत्रधाराचे कपाट

काल्पनिक जगात घडणारा 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' हा मुख्यतः बोलण्यातून खेळला जाणारा खेळ आहे. टेबलाभोवती जमलेल्यांपैकी चार-पाच जण प्रत्येकी एका पात्राची, म्हणजे एखाद्या योद्ध्याची, जादूगाराची किंवा चोराची भूमिका घेतात, आणि उरलेला एक जण त्या पात्रांभोवतीचे सारे जग सांभाळतो. दरीपलीकडे काय दिसते, सरायवाला काय उत्तर देतो, राक्षस कोणावर चालून जातो हे तो सांगतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायला लावतो. या जग सांभाळणाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत 'डन्जन मास्टर' म्हणतात. मराठीत त्याला सूत्रधार म्हणणे सोयीचे. कोकणातल्या पारंपरिक दशावतारात आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो, पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच उभे करतात. या खेळाची जातकुळी काहीशी तशीच आहे, फरक इतकाच की येथे आख्यानाचा शेवटही कोणाला ठाऊक नसतो.

सूत्रधाराची खरी पंचाईत येथूनच सुरू होते. त्याने गुहेची सिद्धता करून ठेवलेली असते आणि खेळाडू मात्र वाटेतल्या गावात शिरून लोहाराचे नाव काय, गावात देऊळ कोणाचे, तिथला पुजारी लाच घेतो का, असे विचारू लागतात. अशा वेळी हाताशी यावेत म्हणून मूळ नियमपुस्तकांना जोड देणारे जे ग्रंथ छापले जातात, त्यांना 'सप्लिमेंट' म्हणजे पुरवणी-ग्रंथ म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांत असे ग्रंथ इतके निघाले आहेत की ते सगळे विकत घेणे कोणालाच परवडणार नाही आणि वाचून होणे तर त्याहून अशक्य. त्यातले बरेचसे खेळताना उघडलेच जात नाहीत, ते आरामखुर्चीत वाचले जातात. त्यात वाईट काही नाही, परंतु कादंबरी म्हणून घेतलेले पुस्तक अवजार म्हणून घेतल्याचा समज करून घेणे महागात पडते.

हा घोळ या खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून, टीएसआर या छोट्या प्रकाशनसंस्थेने तीन पुस्तिकांच्या पेटीत बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याची 'ग्रेहॉक' ही पहिली पुरवणी निघाली. ग्रेहॉक हे गायगॅक्स यांच्या स्वतःच्या खेळातल्या नगराचे नाव होते. पण त्या पुस्तिकेत नगराची माहिती जवळजवळ नाहीच. तिच्यात होते ते नियम: चोर हा नवा पात्रप्रकार, जादूच्या वरच्या पायऱ्यांचे मंत्र, आणि प्रत्येक शस्त्राने होणारी इजा वेगवेगळ्या फाशांनी मोजण्याची पद्धत. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' या दुसऱ्या पुरवणीत मात्र बेडकांच्या देवळाचे एक संपूर्ण कथानक नकाशांसह दिलेले होते, आणि छापील स्वरूपात आलेले या खेळाचे पहिले तयार कथानक म्हणून त्याची गणना होते. खेळाडूच्या हाती नवी शक्ती देणारे पुस्तक आणि सूत्रधाराच्या हाती जग देणारे पुस्तक, असे दोन प्रवाह एकाच नावाखाली पहिल्या वर्षीच सुरू झाले, आणि आजही दुकानात ते एकाच फळीवर मांडलेले असतात.

दुसऱ्या प्रवाहाला खरे वळण दिले ते मूळ प्रकाशकांनी नव्हे, तर इलिनॉयमधील डिकेटर येथे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी काढलेल्या 'जजेस गिल्ड' या संस्थेने. त्यांच्या 1976 च्या 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' या संचात एका तटबंदीच्या नगराचा मोठा नकाशा होता, आणि सोबतच्या मजकुरात दुकान कोणाचे, तिथे काय मिळते, मालक लढाईत किती तयारीचा आहे, त्याच्याकडे कोणती वदंता ऐकायला मिळते, अशा तुटक नोंदी होत्या. भाषेच्या दृष्टीने हा मजकूर रुक्षच म्हणावा लागेल, आणि त्यातली काही चक्रम कल्पना आज हसू आणतात. परंतु खेळाडूने अमुक गल्लीत शिरतो म्हटल्याबरोबर सूत्रधाराला दोन ओळींत उत्तर सापडावे, या एका कसोटीवर तो आजच्या अनेक गुळगुळीत, रंगीत ग्रंथांपेक्षा सरस ठरतो. गायगॅक्स यांचे 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे 1979 च्या सुमाराचे कथानकही अशाच उपयोगी जातीचे आहे. त्यातल्या गढीतली माणसे गढीचा किल्लेदार, पुरोहित, सराफ अशा हुद्द्यांनीच येतात, त्यांना नावे दिलेली नाहीत, त्यामुळे नवशिक्या सूत्रधाराला ती आपल्या जगात जशीच्या तशी उचलून ठेवता येतात.

पहिल्या प्रवाहाबद्दल मात्र सावधगिरी बाळगलेली बरी. नवे मंत्र, नवी शस्त्रे आणि नवे पात्रप्रकार देणारी पुस्तके सर्वाधिक खपतात, कारण सूत्रधार एकच असतो आणि खेळाडू चार-पाच; व्यापाराचे हे साधे गणित आहे. टीएसआर आर्थिक अडचणीत असताना 1985 मध्ये निघालेल्या 'अनअर्थ्ड आर्केना'त पूर्वी 'ड्रॅगन' मासिकात आलेला बराच मजकूर एकत्र केलेला होता, आणि त्यातले काही पात्रप्रकार इतके बळकट निघाले की जुनी पात्रे त्यांच्यापुढे फिकी पडली. खेळाडू अशा पुस्तकांना थट्टेने 'स्प्लॅटबुक' म्हणतात. अमुक कुळाचे पुस्तक, तमुक टोळीचे पुस्तक अशा शीर्षकांतील बदलत्या शब्दाच्या जागी तारांकन लिहीत, आणि तारांकनाला बोलीत 'स्प्लॅट' म्हणत, त्यावरून हे नाव रूढ झाले. अशा प्रत्येक पुस्तकाबरोबर सूत्रधाराने लक्षात ठेवायचे नियम वाढतात, त्याचे काम मात्र कमी होत नाही. एखाद्या खेळाडूने ते स्वतःच्या खर्चाने आणले तर स्वागत करावे, सूत्रधाराने त्यासाठी खिसा रिकामा करू नये.

संपूर्ण जगाचे वर्णन करणारे ग्रंथ हा तिसरा आणि सर्वांत मोहक प्रकार आहे. 1979 च्या 'कल्ट्स ऑफ प्राक्स' या रूनक्वेस्ट खेळाच्या पुरवणीत स्टीव्ह पेरिन आणि ग्रेग स्टॅफर्ड यांनी एकेका देवतेचा पंथ घेऊन त्याची पुराणकथा, दीक्षेच्या पायऱ्या, सणवार आणि वैरे सांगितली, आणि मधूनमधून एका फिरत्या व्यापाऱ्याचे प्रवासवृत्त गुंफून ते पंथ बाजारात आणि रस्त्यावर कसे वागतात हेही दाखवले. धर्म हा या खेळात बहुधा जखमा भरून काढणाऱ्या मंत्रांपुरताच उरतो, त्या पार्श्वभूमीवर हे पुस्तक आजही अभ्यासण्याजोगे आहे. एन. रॉबिन क्रॉस्बी यांनी 1983 पासून उभे केलेले 'हार्न' हे बेट तर शेतीच्या उत्पन्नापर्यंतच्या तपशिलांनी भरलेले आहे. त्याचे लेख फाइलमध्ये लावता येतील अशा सुट्या, भोके पाडलेल्या पानांवर छापले जात, त्यामुळे सूत्रधाराला हवे तेवढेच पान काढून टेबलावर ठेवता येई. हार्नचे आणखी एक शहाणपण असे की सारे लेखन तिथल्या 720 या एकाच वर्षावर थांबवलेले आहे, आणि त्यापुढचा इतिहास प्रत्येक सूत्रधाराने आपला आपण घडवायचा आहे. याउलट 'फरगॉटन रेल्म्स' या लोकप्रिय जगात 1989 मध्ये नियमांची नवी आवृत्ती आली तेव्हा प्रकाशकांनी देवांच्या पतनाचा एक मोठा उत्पात घडवून जगाचा इतिहासच पुढे ढकलला, आणि ज्यांच्या घरच्या खेळात वेगळेच काही घडून चुकले होते त्यांची विकत घेतलेली पुस्तके आणि पुढची पुस्तके यांचा मेळ बसेनासा झाला. 1989 पासून पुढच्या काही वर्षांत टीएसआरने वाळवंटाचे, भुताखेतांचे, अंतराळातल्या गलबतांचे अशी एकामागून एक जगे काढली, ग्राहक त्यांत विभागला गेला, आणि 1997 मध्ये ही संस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. अतिरिक्त पुरवण्या हे तिच्या ऱ्हासाचे एक कारण मानले जाते.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याची स्थिती पुष्कळच बरी आहे. जानेवारी 2023 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही मोफत वापरता येईल अशा रीतीने, खुला झाला. तेव्हा मूळ नियमांवर वाचलेला पैसा सूत्रधाराच्या साधनांकडे वळवता येतो. एकच पुरवणी घ्यायची असेल तर 2017 चे 'झॅनाथर्स गाइड टु एव्हरीथिंग' विचारात घ्यावे. त्याचा पूर्वार्ध खेळाडूंसाठी आहे, पण पुढे अरण्य, दलदल, समुद्र अशा प्रदेशांनुसार कोण भेटेल याची फासा टाकून वाचायची कोष्टके, सापळे रचण्याची रीत आणि दोन मोहिमांमधल्या फुरसतीत पात्रे काय करतात याचे नियम येतात, आणि शेवटी नावांची लांबच लांब कोष्टके आहेत, ज्यांत भारतीय नावांचेही कोष्टक आहे. लोहाराचे नाव विचारले जाते तेव्हा हीच पाने उपयोगी पडतात. राक्षसांच्या पुस्तकांबाबत पुनरुक्ती तपासून घ्यावी, कारण 2016 आणि 2018 मधल्या दोन ग्रंथांतले बहुतेक जीव 2022 च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये पुन्हा छापले गेले. मात्र त्या जीवांच्या समाजाविषयीचे विवेचन पुष्कळसे गाळले गेले, म्हणून वाचनीयतेत जुनेच ग्रंथ उजवे आहेत.

सर्वांत कमी जागा अडवणारी आणि सर्वाधिक कामाला येणारी पुस्तके अधिकृत फळीवर सहसा दिसत नाहीत. मायकेल शे यांच्या 'रिटर्न ऑफ द लेझी डन्जन मास्टर' (2018) या पुस्तकात पूर्वतयारी आठ पायऱ्यांत आटोपण्याची पद्धत आहे, आणि तिचा कणा म्हणजे प्रत्येक बैठकीआधी लिहायची दहा एकोळी रहस्ये, जी कोणत्याही एका स्थळाला किंवा माणसाला बांधलेली नसतात. खेळाडू गुहेऐवजी गावात शिरले तर गुहेत सापडायचे रहस्य लोहाराच्या तोंडून बाहेर पडते, आणि तयारी वाया जात नाही. कीथ अमान यांचे 'द मॉन्स्टर्स नो व्हॉट दे आर डूइंग' (2019) एकेका जीवाच्या अंकांवरून तो शहाणपणाने कसा लढेल हे सांगते, उदाहरणार्थ दुबळा पण चपळ गॉब्लिन समोरासमोर भिडणार नाही, लपून बाण सोडेल आणि पळेल.

भारतीय सामग्रीचा शोध घेणाऱ्याला जुन्या काळात फारसे समाधान मिळत नाही. 1980 च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात इंद्र, अग्नी, यम असे देव आहेत खरे, परंतु इतर दैवतांप्रमाणेच त्यांनाही जीवनांक, म्हणजे किती इजा झाल्यावर मरण येईल त्याचा आकडा, देऊन मोकळे केले आहे. पूजा, व्रते, जत्रा यांचे वर्णन जवळजवळ नाहीच. त्या मानाने 2022 च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मधले मिमी मंडल यांचे मणिवर्षाचे कथानक नदीकाठच्या बंगाली जीवनाशी नाते सांगते, आणि डेव्हिड मॅकग्रोगन यांचे 'यून-सुइन' (2014) तिबेट, भारत आणि ब्रह्मदेश यांच्या छायेतले जग सलग वर्णनापेक्षा कोष्टकांतून उभे करते.

युरोपीय खेडे कसे चालत असे हे सूत्रधाराला कळावे म्हणून 2003 मध्ये 'अ मॅजिकल मेडिव्हल सोसायटी: वेस्टर्न युरोप' हा स्वतंत्र ग्रंथ निघाला, आणि त्यातली जहागिरी, लोकसंख्या व बाजार यांची प्रकरणे खरोखरच उपयोगी आहेत. ज्या मराठी मंडळींना आपले काल्पनिक राज्य सह्याद्रीच्या पायथ्याशी वसवायचे असेल, त्यांच्यासाठी तेच काम 1915 मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा'त करून ठेवलेले आहे. त्यात पाटील-कुळकर्ण्यांचे वतन आहे, बलुतेदारांची कामे आणि हक्क आहेत, गावात येणाऱ्या फिरस्त्यांचे वर्णन आहे. आणि लोहाराला खळ्यावर त्याचा वाटा मिळाला नाही तर गावात काय धुसफुस सुरू होईल, याचे कथानक सूत्रधाराला त्यातून फासा न टाकताही रचता येते.