मोटारीचा कंपवात

वैद्य नाडी हातीं घेण्यापूर्वीं रोग्यास विचारतो कीं, दुखणें केव्हां वाढतें आणि कशानें कमी होतें? मोटारीच्या बाबतींत मात्र आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक 'गाडी थरथरते' एवढेंच सांगून मोकळे होतों, आणि मेकॅनिक जें बदलील त्याचे पैसे मुकाट्यानें देतों. आमच्या घरीं हेंच झालें.

गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब पुण्याहून वाईस निघालों होतों. गाडी पुतण्याची, चालवीतही तोच होता. मागें मी, सूनबाई आणि तिच्या मांडीवर धाकटा नातू. वेग ताशीं ८० किलोमीटरांवर गेला कीं बैठक थरथरूं लागे. "काका, आठवड्यापूर्वींच अलाइनमेंट करून आणली आहे," पुतण्या म्हणाला. गॅरेजवाल्यानें त्याशिवाय पुढच्या चाकांचे दोन सांधेही बदलले होते. थरथर मात्र जशीच्या तशी.

अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा व त्यांचा कल. तींत बिघाड झाला कीं गाडी एका बाजूस ओढते आणि टायर एकाच कडेनें झिजतो. विशिष्ट वेगावर सुरू होणारी थरथर हा सहसा तिचा दोष नव्हे. तो चाकाच्या तोलाचा. येथें थोडें गणित केल्यावांचून माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्यानें राहवत नाहीं. ३० सेंटिमीटर त्रिज्येचें चाक ताशीं ९० किलोमीटर वेगाला सेकंदांत सुमारें १३ फेरे घेतें. रिमच्या आंतल्या अंगास, मध्यापासून १८ सेंटिमीटरांवर, २० ग्रॅम चिखल वाळून बसला असेल तर तो त्या वेगाला अडीच किलो वजनाइतक्या जोरानें चाकास बाहेर ओढतो. आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यांत वर, खालीं, पुढें, मागें अशी फिरत असते. वेग निम्मा केला कीं ओढ चतुर्थांश उरते. म्हणून गांवांतल्या गांवांत हिंडणाऱ्या गाडीचा हा रोग वर्षानुवर्षें लपून राहतो. उपाय सोपा आहे. रिम आंतून धुवावी, आणि मग चाकें बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून हलक्या बाजूस वजनें लावून घ्यावींत. स्टिअरिंग थरथरलें तर बहुधा पुढचें चाक दोषी, बैठक थरथरली तर मागचें.

केवळ ब्रेक दाबतांना थरथर येत असेल आणि पायाखालचें पेडलही धडधडत असेल, तर ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. गाडी उभी असतांना, नुसतें इंजिन चालू असतां अंग हलूं लागलें, तर चाकांकडे पाहूंच नये. इंजिनाखालचें रबर किंवा पेट्रोलच्या गाडींतील एखादा स्पार्क प्लग पाहावा. चाक नुकतेंच काढून बसविलें असेल, तर सर्वांच्या आधीं नट तपासावे.

माधवनिदानांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांत 'उपशय' हें एक. औषध किंवा आहार देऊन पाहावा आणि गुण येतो कीं नाहीं यावरून रोग ठरवावा. संशय असलेलें मागचें चाक पुढें लावून पाहणें हा मोटारीचा उपशयच. थरथर बैठकींतून स्टिअरिंगांत आली, तर रोग त्या चाकाबरोबरच पुढें आला असें समजावें. त्यास खर्च कांहीं नाहीं, फक्त घाम.

त्या दिवशीं शिरवळजवळ रहदारीमुळें वेग ३० वर आला, आणि मला निराळेंच कांहीं जाणवलें. थरथर गेली होती, परंतु बैठक संथपणें, पाळण्यासारखी, डावीकडे हिंदकळत होती. तोलाचा दोष इतक्या कमी वेगाला असा दिसत नाहीं. मीं गाडी बाजूस घेण्यास सांगितलें. पुतण्या जरा कुरकुरला. वाईस पानें मांडून लोक खोळंबले होते.

मागच्या डाव्या टायरवरून तळहात फिरविला. बाहेरच्या कडेस कांहीं नव्हतें. आंतल्या कडेजवळ, नुसत्या डोळ्यांस दिसणार नाहीं अशा जागीं, अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा हातास लागला. रबराखालचे पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटले होते. अशा टायरवर पंक्चरवाल्याचा इलाज चालत नाहीं. तो भर वेगांत फाटूं शकतो, आणि पुढें खंबाटकीचा घाट होता. पुतण्यानें स्वतः हात फिरवून पाहिला. सूनबाईनें नातवास उचलून रस्त्यापासून दूर नेलें.

स्टेपनी चढवितांना नट एका पुढें एक न आवळतां समोरासमोरचे आवळावे, म्हणजे चाक सरळ बसतें. एवढें मी सांगत होतों आणि पुतण्या निमूटपणें करीत होता. गॅरेजांत त्याला 'केव्हां थरथरते?' असें कोणीं विचारलें नव्हतें. त्यानेंही आपण होऊन सांगितलें नव्हतें.

वाईस पोहोंचावयास दीड तास उशीर झाला. वाढलेला भात पार निवून गेला होता.